नियंत्रण रेषेवरील शस्त्रसंधी

जम्मू-काश्मीरमध्ये गोळीबार थांबवण्यासाठी भारत आणि पाकिस्तान यांच्यात वेळोवेळी झालेले समझोते. शस्त्रसंधीला जुन्या मराठी मजकुरात ‘युद्धबंदी’ असेही म्हणत. पण युद्धकैद्यालाही तोच शब्द असल्याने घोटाळा होई. तहात भांडण मिटते, शस्त्रसंधीत फक्त बंदुका थांबतात. काश्मीरच्या वाट्याला मुख्यतः शस्त्रसंधीच आली.

पहिली शस्त्रसंधी १ जानेवारी १९४९ रोजी लागू झाली. रेषा ठरली ती २७ जुलै १९४९ च्या कराची करारात. भारतातर्फे सही होती लेफ्टनंट जनरल श्रीनागेश यांची. दक्षिणेला मनावरपासून ठिकाणांची नावे घेत रेषा सांगत आलेला हा मजकूर शेवटी मात्र ‘तेथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढ्यावरच सुटतो. त्या बर्फात लढायला कोण जाणार, असा हिशेब असावा. १९७२ मध्येही नकाशावरची रेषा एनजे ९८४२ या बिंदूपाशीच थांबली आणि एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनवर सैन्य चढले.

१९६५ च्या युद्धानंतर ताश्कंदला (१० जानेवारी १९६६, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण शिष्टमंडळात होते) झालेल्या करारानुसार सैन्ये जुन्या जागी परतली. सिमला करारात (२ जुलै १९७२) १९७१ च्या युद्धातील शस्त्रसंधीच्या दिवसाची, १७ डिसेंबर १९७१ ची, स्थिती धरून ‘नियंत्रण रेषा’ आली. ती आखायला भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेम भगत आणि पाकिस्तानचे अब्दुल हमीद खान महिनोन्महिने बसले. ठाकोचक या चिमुकल्या गावावरून काम अडले होते. अखेर ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगढला नकाशांवर सह्या झाल्या.

२६ नोव्हेंबर २००३ पासूनची शस्त्रसंधी सियाचिनलाही लागू होती. पुढे ती झिजत गेली; २५ फेब्रुवारी २०२१ च्या संयुक्त निवेदनाने पुन्हा उभी राहिली. केरन गाव किशनगंगेच्या दोन्ही काठांवर वसले आहे. पलीकडे त्याच नदीला नीलम म्हणतात. तोफा थंडावताच अलीकडच्या केरनमध्ये पर्यटक येऊ लागले.

कागदापेक्षा इथे फोन जास्त कामी येतो. दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये हॉटलाइन आहे. १० मे २०२५ रोजी दुपारी ३.३५ ला पाकिस्तानकडून फोन आला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचे ठरले. भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते जाहीर करताना ‘शस्त्रसंधी’ हा शब्द टाळून गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याबाबतची ‘सहमती’ असा उल्लेख केला.