भूत कुठे वळणार? गेममधल्या रँडम हालचालीची पार्श्वभूमी

स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून गेम बनवायच्या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, मांजर चालवता आली की मुलांची पुढची मागणी ठरलेली असते: एक शत्रू हवा, आणि तो स्वतःच्या मनाने फिरायला हवा. मग हिरव्या ब्लॉकांमधला रँडम आकडा देणारा ब्लॉक सापडतो, तो 'कायम' चालणाऱ्या चक्रात घातला जातो आणि शत्रू दर क्षणी नव्या दिशेला वळू लागतो. पण तो जात कुठेच नाही, एका जागी थरथरत राहतो.

याचं कारण कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. १९०५ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रश्न मांडला. माणूस ठरावीक अंतर सरळ चालला, मग वाटेल त्या दिशेला वळून पुन्हा तेवढंच चालला आणि असंच करत राहिला, तर शेवटी तो मूळ जागेपासून किती दूर असेल? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांच्याकडे या गणिताचं उत्तर आधीपासूनच होतं: अंतर पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. आपल्या शत्रूला हे लावून बघा. समजा, सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) आणि दर फ्रेमला एक पिक्सेल, म्हणजे मिनिटात ३,६०० पावलं. त्यात तो साधारण ६० पिक्सेल लांब जातो. सरळ चालणारं पात्र तेवढं अंतर एका सेकंदात कापतं.

मुळात हे आकडे येतात कुठून? यंत्र तर सांगितलेलंच करतं. १९४० च्या दशकात गणितज्ञ जॉन फॉन न्यूमन यांनी एक युक्ती काढली: आकड्याचा वर्ग करायचा आणि मधले अंक उचलायचे. अंकगणिताने रँडम आकडे काढणारा पापाचा धनी असतो, अशा अर्थाचं प्रसिद्ध वाक्यही त्यांचंच. गेमच्या कामाला मात्र डी. एच. लेहमर यांची १९४९ ची पद्धत जास्त आली. आधीच्या आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणायचं, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागायचं आणि बाकी ठेवायची.

१९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर हे अगदी उघडं दिसतं. हातातल्या आकड्यात १ मिळवा, ७५ ने गुणा, ६५५३७ ने भागून बाकी घ्या, त्यातून १ वजा करा. ० पासून निघालात तर ७४, ५६२४, २८६५२, ५१७९० असे आकडे मिळतात. ६५५३६ ने भागलं की ते ० आणि १ च्या मध्ये बसतात. चार दिशांना ० ते ३ असे क्रमांक दिले आणि तो अपूर्णांक ४ ने गुणून दशांशापुढचं सोडून दिलं, तर पात्राच्या पहिल्या चार चाली ०, ०, १, ३. उद्या पुन्हा ० पासून निघालात तरी त्याच. त्यासाठीच सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, दर वेळी वेगळा द्यावा लागतो. शाळेच्या लॅबमध्ये जीडब्ल्यू-बेसिक ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा शिकलेल्यांना कदाचित आठवेल: नुसती रँडमाइझ ही आज्ञा लिहिली की मशीन -३२७६८ ते ३२७६७ मधला आकडा मागत थांबायचं. तो घड्याळावरून घ्यायला सांगितलं की सुटका व्हायची.

सीडचं महत्त्व सगळ्यात झकास कळतं ते पॅक-मॅनमध्ये, म्हणजे भूलभुलैयात भुतं मागे लागतात त्या गेममध्ये. नामको या जपानी कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये केलेल्या या गेममधली भुतं रँडम फिरतात, असा सर्रास समज आहे. तसं नाही. लाल भूत थेट पॅक-मॅन उभा असलेल्या घरावर (चौकोनावर) नेम धरतं, गुलाबी त्याच्या चार घरं पुढे. रँडम आकडा वापरला जातो तो भुतं निळी पडून पळतात तेव्हा, चौकात कुठे वळायचं हे ठरवायला. आणि तिथेही दर नव्या लेव्हलला व दर नव्या जीवाला सीड तोच. त्यामुळे खेळाडूने हुबेहूब त्याच चाली केल्या, तर भुतंही हुबेहूब तशीच वळतात. लोकांनी हे मार्ग पाठ केले आणि एका नाण्यात तासन्तास खेळू लागले. नाण्यांवर चालणारी गेम मशीनं लावणाऱ्या आर्केडवाल्यांना हे कसं परवडणार?

अमेरिकेतल्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीतल्या पोरांनी यावर तोडगा काढला. पॅक-मॅनवर चढवायचा त्यांचा बदललेला गेम मिडवे या गेम कंपनीने घेतला आणि १९८२ मध्ये तो मिस पॅक-मॅन म्हणून बाजारात आला. त्यात फेरीच्या सुरुवातीला लाल आणि गुलाबी भूत आपापल्या कोपऱ्याकडे न जाता काही सेकंद रँडम वळतात. बदल एवढासाच, पण घोकलेले मार्ग पहिल्याच वळणावर निरुपयोगी झाले. मला यातला कंजूषपणा फार आवडतो. पुढचा पाठलाग आधीसारखाच हुशार राहिला.

त्याच काळातल्या 'रोग' (Rogue) नावाच्या गेममध्येही असाच हात राखून केलेला वापर दिसतो. त्यातलं वटवाघूळ सरासरी दोनपैकी एक चाल कुठेही करतं आणि उरलेल्या चालींत खेळाडूच्या मागे लागतं. निम्मं भरकटणं, निम्मा पाठलाग. तेवढ्यावर ते वटवाघूळ वाटतं.

थरथरणाऱ्या शत्रूवरचा इलाज क्रेग रेनल्ड्स यांनी १९९९ च्या निबंधात नीट लिहून ठेवला. १९८७ मध्ये पक्ष्यांच्या थव्याची नक्कल मांडणारे हेच ते. त्यांचं म्हणणं, दर फ्रेमला नवी दिशा काढूच नका. आहे त्या दिशेला थोडासा रँडम धक्का द्या, म्हणजे पात्र वळत वळत पुढे जाईल. स्क्रॅचमध्ये हे तीन ब्लॉकांचं काम आहे: -१० ते १० मधल्या रँडम अंशांनी वळा, पुढे चला, कडेला लागलात तर उसळा. वळण्याचा ब्लॉक दर फ्रेमऐवजी अर्ध्या सेकंदाने चालवला, तर हालचाल आणखी संथ दिसते.

सीड मात्र स्क्रॅचमध्ये आपल्याला देता येत नाही. त्यासाठी ब्लॉकच नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत देता येतो. शत्रू कधीतरीच भिंतीत अडकत असेल, तर सीड पक्का करून तीच फेरी पुन्हा पुन्हा चालवायची आणि तो नेमका कोणत्या चालीला अडकतो ते बघायचं.