लिस्पचा दोष कंसांत नाही

लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा मागे का पडली, असे विचारले की बहुतेक जण तिच्या कंसांकडे बोट दाखवतात. पण चिपळूण-रत्नागिरीत इमारतींचे प्लॅन काढणारा ड्राफ्ट्समन ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अ‍ॅपलोड’ कमांडने एखादी एलएसपी फाइल चढवतो आणि बंद पॉलीलाइनच्या, म्हणजे सलग रेषांनी वेढलेल्या आकृत्यांच्या, क्षेत्रफळांची बेरीज एका झटक्यात काढतो, तेव्हा तो लिस्पच चालवत असतो. ऑटोलिस्प ही लिस्पचीच एक आवृत्ती १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे आणि कंस तिच्यातही तेवढेच आहेत. मॅक्रो, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी त्याचा मजकूर बदलून देणारे तुकडे, मात्र नाहीत, आणि खरी गोम मॅक्रोंमध्येच आहे.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पवर काम सुरू केले. तिच्यात (+ २ ३) ही ‘दोन आणि तीन मिळव’ अशी आज्ञा आहे आणि तीन घटकांची यादीही. म्हणून प्रोग्रामला दुसरा प्रोग्राम यादीसारखा उलगडता-जोडता येतो. विहिरीच्या पंपासाठी लिहू: (अनलेस टाकी-भरली (पंप-सुरू)), म्हणजे टाकी भरलेली नसेल तरच पंप सुरू कर. ‘अनलेस’ हे साधे फंक्शन असते, तर त्याला द्यायच्या दोन्ही गोष्टींचे मूल्य आधी काढले गेले असते. म्हणजे टाकी भरलेली असली तरी पंप सुरू झालाच असता! मॅक्रोच्या हाती मूल्ये येत नाहीत, न चालवलेला मजकूर जसाच्या तसा येतो. त्यातून तो नवी यादी रचतो: (इफ टाकी-भरली निल (पंप-सुरू)), म्हणजे टाकी भरलेली असेल तर काही नाही, नाहीतर पंप सुरू कर. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर पुढे हीच यादी घेतो. भाषेत नसलेली रचना वापरणाऱ्याने स्वतः घालावी, ही सोय विलक्षण आहे.

पण दोन चलांची अदलाबदल करणाऱ्या मॅक्रोने आत ‘त’ नावाचे चल वापरले आणि तुमच्या चलाचे नावही ‘त’ निघाले, तर अदलाबदल होत नाही. एररही येत नाही. कॉमन लिस्प या लिस्पच्या आवृत्तीत त्यासाठी ‘जेनसिम’ने दर वेळी नवे नाव घ्यावे लागते, आणि शंका आली की ‘मॅक्रोएक्सपांड-१’ने विस्तार, म्हणजे मॅक्रोने रचलेली यादी, पाहावा लागतो. शिवाय टीममधल्या प्रत्येकाने आपले मॅक्रो लिहिले, की नव्या माणसाला लिस्पनंतर त्या टीमची बोलीही शिकावी लागते.

कॉमन लिस्पचे अमेरिकी प्रमाण १९९४ मध्ये ठरले. त्यात थ्रेड (एकाच वेळी अनेक कामे चालवायची सोय) नाहीत, नेटवर्क सॉकेटही (दुसऱ्या संगणकाशी जोडणीची सोय) नाहीत. वेब फोफावत असताना प्रत्येक कंपायलरने ते आपापल्या पद्धतीने केले. लिस्प एआयची जुनी भाषा खरी, पण ती शिकल्याने आज एआयमधली नोकरी मिळेल, ही निव्वळ भूल आहे; ते काम मुख्यतः पायथन आणि सी++ मध्ये चालते.

२००७ मध्ये आलेली क्लोजर ही लिस्पचीच नवी आवृत्ती जावाच्या यंत्रणेवर चालते, त्यामुळे जावाच्या लायब्ररी आयत्या मिळतात. मॅक्रोच्या साच्यात नावाच्या शेवटी # लावले की वेगळे नावही आपोआप तयार होते. टीमच्या बोलीवर मात्र तिच्याकडेही उपाय नाही.