मूकपट गेले, ऑर्गन राहिले: एका छंदाची पार्श्वभूमी

जुन्या चित्रपटगृहातला ऑर्गन दुरुस्त करण्यात आपल्या सुट्ट्या घालवणारी माणसं इंग्लंड-अमेरिकेत आजही सापडतात. ज्या कामासाठी हे वाद्य घडवलं गेलं ते काम, म्हणजे मूकपटाची साथ, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीच संपलं होतं. तरीही त्यासाठी संस्था आहेत, वर्गणी आहे, मैफली आहेत आणि कुठल्या गावातला ऑर्गन कुठून कुठे गेला याच्या तपशीलवार नोंदी आहेत. हे प्रेम कुठून आलं ते समजायचं तर आधी वाद्य समजून घ्यायला हवं.

संगीत नाटक पाहिलेल्या मराठी माणसाला ऑर्गन परका नाही. मात्र बालगंधर्वांच्या काळात रंगमंचासमोर असायचा तो पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन. त्यात सूर निघतो पितळी रीडमधून. सिनेमागृहाचा ऑर्गन चर्चमधल्या ऑर्गनच्या घराण्यातला. शेकडो, कधी हजारो पाइप, त्यांत विजेच्या पंख्याने भरलेली हवा, आणि हे सगळं भिंतीआडच्या खोल्यांत दडवलेलं. प्रेक्षकाला दिसतो तो फक्त कन्सोल, म्हणजे वादक जिथे बसतो ते मेज.

या वाद्याचा मूळ पुरुष रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्लंडच्या चेशायर भागात 1859 साली जन्मला आणि पेशाने होता टेलिफोन कंपनीतला विद्युत अभियंता. हा योगायोग फार मोलाचा ठरला. तोपर्यंत बहुतेक ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडी दांड्या-तरफा हलून पाइपाखालची झडप उघडायची, त्यामुळे वादकाला पाइपांजवळच बसावं लागे. टेलिफोनच्या तारांत मुरलेल्या होप-जोन्सने 1880 च्या दशकात बर्कनहेडच्या सेंट जॉन्स चर्चमधल्या ऑर्गनला विजेची जोड दिली. आता कन्सोल आणि पाइप यांच्यामध्ये उरली ती फक्त तारांची जुडी. वादक हवा तिथे बसू शकत होता.

पट्टी दाबल्यावर आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. पट्टीखाली दोन धातूंचा संपर्क होतो, तारेतून किंचित वीज जाते आणि पाइपांच्या खोलीतला बोटाच्या पेराएवढा विद्युतचुंबक एक बारीकशी चकती ओढतो. त्या चकतीने मोकळ्या केलेल्या वाटेने एका छोट्या कातडी भात्यातली हवा निसटते, भाता मिटतो आणि मिटताना मोठी झडप ओढून घेतो. मग पाइप बोलतो. हे सगळं निमिषात होतं आणि प्रत्येक पाइपासाठी वेगळं होतं. मेंढीच्या पातळ कातड्याचे असे शेकडो भाते एका ऑर्गनमध्ये असतात.

होप-जोन्सची दुसरी कल्पना याहून धाडसी होती. चर्चच्या ऑर्गनमध्ये दर आवाजाला पाइपांची स्वतंत्र रांग लागते. त्याने एकच रांग दोन्ही टोकांना थोडी लांबवली आणि विजेच्या जोडण्यांमधून तीच रांग वेगवेगळ्या सप्तकांत, वेगवेगळ्या पट्ट्यांच्या ओळींवरून वाजवता येईल अशी सोय केली. त्यामुळे दहा रांगांचा ऑर्गनसुद्धा भरगच्च वाजू लागला. हवेचा दाबही त्याने कितीतरी वाढवला. चर्चमध्ये तीन-चार इंच पाण्याचा दाब (म्हणजे पाणी तेवढं वर उचलेल इतका जोर) पुरायचा, तो इथे दहा इंचांवर आणि काही पाइपांना त्याच्याही वर गेला. आवाज कंपवणारा ट्रेम्युलंट भरपूर वापरायचा, हेही त्याच शैलीतलं. सिनेमागृहातल्या ऑर्गनचा तो रडवेला, घशातून आल्यासारखा सूर यातून जन्मला. चर्चसंगीतातल्या जाणत्यांना तो उथळ वाटायचा. मला मात्र तो या वाद्याचा प्राण वाटतो, कारण अंधारात बसलेल्या गर्दीला गहिवर आणणं हेच त्याचं काम होतं.

1903 मध्ये होप-जोन्स अमेरिकेत गेला. धंद्यात त्याला कधीच यश आलं नाही. 1910 साली त्याचा कारखाना आणि पेटंट वुर्लिट्झर या वाद्यं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीकडे गेलं. कंपनीशी त्याचं पटलं नाही आणि 1914 मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या वाद्याने जग व्यापलं ते त्यानंतरच्या पंधरा वर्षांत.

थिएटरवाल्यांचा हिशेब सरळ होता. मूकपटाला संगीत लागतंच. आपल्याकडेही फाळक्यांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबला वाजत असे. अमेरिकेतल्या मोठ्या थिएटरांत पंधरा-वीस वादकांचा ताफा असायचा, रोज तीन-चार खेळांना. त्याऐवजी एक वादक आणि एक यंत्र! म्हणून वुर्लिट्झरने पाइपांच्या जोडीला खरे ढोल, झांजा, झायलोफोन, घंटा बसवल्या. तेही हवेच्या जोरावर कन्सोलवरूनच वाजत. शिवाय घोड्याच्या टापा, पक्ष्यांची शीळ, आगीच्या बंबाची घंटा, मोटारीचा भोंगा, समुद्राची गाज. पडद्यावर घोडा दौडला की वादकाने नेमकी ती कळ दाबायची. अनेक वादकांच्या पोटावर पाय देऊन हे वाद्य आलं, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनीही विसरू नये.

न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडा इथल्या कारखान्यातून वुर्लिट्झरने एकूण 2,200 हून अधिक ऑर्गन पाठवले. 1926 च्या सुमारास जवळपास रोज एक ऑर्गन बाहेर पडत होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पॅरामाउंट थिएटर उघडलं आणि तिथला वादक जेसी क्रॉफर्ड नटनट्यांइतका प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1927 मध्ये, ‘द जॅझ सिंगर’ पडद्यावर बोलला. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला. अमेरिकेतल्या बहुतेक ऑर्गनांची झाकणं तीन-चार वर्षांत बंद झाली. काही तर बसवून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती.

ब्रिटनमध्ये मात्र गोष्ट उलटी घडली. या छंदाची मुळं मला तिथेच सर्वांत खोल गेलेली दिसतात. तिथे वुर्लिट्झर पोचला 1925 मध्ये, वॉल्सॉलच्या थिएटरात, आणि बोलपट आल्यावरही तो हटला नाही. दोन चित्रपटांच्या मधल्या वेळेत ऑर्गनवादनाचा वेगळा कार्यक्रम होऊ लागला. दिवे मंद व्हायचे, वादकासकट कन्सोल जमिनीखालून लिफ्टवर वर यायचा, आणि लंडनच्या ॲक्टनमधल्या जॉन कॉम्प्टनच्या कारखान्यातला असेल तर त्याच्या भोवतालच्या काचेतून रंग बदलणारा उजेड फाके. म्हणजे साथीचं वाद्य आता स्वतःच कार्यक्रम झालं होतं. लोक वादकाचं नाव पाहून थिएटर निवडू लागले.

त्यात रेडिओची भर पडली. 1936 मध्ये बीबीसीने लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये स्वतःचा कॉम्प्टन ऑर्गन बसवला. रेजिनाल्ड फूर्ट त्याचा पहिला कायम वादक. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि नेहमीचे कार्यक्रम थांबले, तेव्हा सँडी मॅकफर्सन दिवसातून अनेकदा या ऑर्गनवर बसून प्रसारणातली पोकळी भरून काढत होता. धास्तावलेल्या घराघरांत त्या दिवसांत बातम्यांच्या मधे ऐकू यायचा तो हाच आवाज. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात तो ऑर्गन नष्ट झाला. इकडे ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये रेजिनाल्ड डिक्सन 1930 पासून वाजवत होता आणि 1970 पर्यंत वाजवत राहिला. समुद्रकाठी सुट्टीला आलेल्या गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्या त्याच्या तालावर नाचल्या. या वाद्याशी नातं जडलं ते या लोकांचं.

युद्धानंतर टीव्ही आला, थिएटरं ओस पडू लागली आणि जागेचे भाव चढले. ऑर्गन भंगारच्या भावात निघू लागले. चाहते संघटित झाले ते या टप्प्यावर. ब्रिटनमध्ये 1952 साली सिनेमा ऑर्गन सोसायटी स्थापन झाली. अमेरिकेत फेब्रुवारी 1955 मध्ये लॉस एंजेलिसला रिचर्ड सिमंटन यांच्या घरी जमलेल्या मंडळींनी जी संस्था काढली, तीच आजची अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी. त्याच सुमारास हाय-फाय रेकॉर्ड प्लेअरची लाट आली. ऑर्गनच्या खर्जाने आपल्या स्पीकरची परीक्षा घ्यायची म्हणून लोकांनी ऑर्गनवादक जॉर्ज राइटच्या रेकॉर्डी घेतल्या आणि त्याच्या वादनात अडकले. शिकागोच्या पॅराडाइज थिएटरमधला मोडीत निघालेला वुर्लिट्झर लॉस एंजेलिसच्या एका घरात बसवला गेला होता. राइटच्या गाजलेल्या रेकॉर्डी तिथल्याच. पुढे कॅलिफोर्नियात पिझ्झाच्या दुकानांत ऑर्गन बसवायची टूम निघाली. ॲरिझोनातल्या मेसा गावच्या तशाच एका दुकानात आज जवळपास 6,000 पाइपांचा वुर्लिट्झर रोज वाजतो. त्याचा गाभा डेन्व्हरच्या थिएटरातून आलेला आहे.

अटलांटाच्या फॉक्स थिएटरची हकीकत मला या साऱ्यात सर्वांत जवळची. तिथला 1929 चा म्यॉलर कंपनीचा ऑर्गन मुका पडला होता. जो पॅटन नावाच्या गृहस्थाने 1963 मध्ये तो स्वेच्छेने दुरुस्त केला. दहा-बारा वर्षांनी थिएटरच पाडायची वेळ आली, तेव्हा शहर त्याच्या बाजूने उभं राहिलं. थिएटर वाचलं आणि ऑर्गन आजही मूळ जागी आहे.

मूळ जागी राहणं सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातल्या ट्रोकाडेरो थिएटरमध्ये 1930 साली बसवलेला वुर्लिट्झर ब्रिटनमध्ये आलेल्या वुर्लिट्झरांत सर्वांत मोठा. 1963 मध्ये ट्रोकाडेरो पाडलं गेलं. सिनेमा ऑर्गन सोसायटीने ऑर्गन वाचवला, तो एका पॉलिटेक्निकच्या सभागृहात गेला, तिथून पुन्हा सोडवावा लागला, काही वर्षं सुटा पडून राहिला आणि अखेर पूर्व लंडनच्या ट्रॉक्सी थिएटरमध्ये उभा राहिला. असा ऑर्गन दुसऱ्या वास्तूत नेला की त्याचा आवाज बदलतो, कारण पाइपांच्या खोल्या, आवाज कमी-जास्त करणारे झडपांचे पडदे आणि सभागृहाचा घुमारा यांचं मूळ गणित मोडतं. म्हणून हलवण्याला विरोध करणारे चाहतेही आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण पर्याय भंगारवाला असेल तर मी हलवणाऱ्यांच्या बाजूचा.

आजची चिंता कातड्याची आणि हातांची. भात्यांचं कातडं काही दशकांत सुकतं, फाटतं, आणि शेकडो भाते एकेक करून सोडवून नव्याने मढवावे लागतात. ते शिकलेली माणसं म्हातारी होत आहेत. दुसरीकडे मूकपटांचे खेळ पुन्हा होऊ लागले आहेत आणि तरुण वादक पडद्याकडे पाहत उत्स्फूर्त साथ करायला शिकत आहेत. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे अनुभवणं अवघड नाही. ब्रेंटफर्डच्या म्युझिकल म्युझियममध्ये किंग्स्टनच्या रीगल थिएटरमधून आणलेला वुर्लिट्झर वाजत्या अवस्थेत आहे. लेस्टर स्क्वेअरच्या ओडियनमध्ये 1937 चा, पट्ट्यांच्या पाच ओळी असलेला कॉम्प्टन अजून आपल्या मूळ जागी आहे. ऐकायला गेलात तर शक्य झाल्यास पाइपांची खोलीही पाहायला मागा.