डार्विनचा ‘ड्राय’ आणि मेलबर्नचा ‘विंटर’: महिना तोच, बॅग वेगळी

मागच्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतली मैत्रीण मेन रोडला चार दुकानं फिरून थर्मल घेऊन आली. नाशकात जूनमध्ये थर्मल मागितलं की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग पोऱ्याला माळ्यावर चढवतो. चार माणसांचे चार सेट, वर जाड जॅकेटं, कानटोप्या वेगळ्या. म्हटलं कुठे निघालीस एवढी, तर म्हणे ऑस्ट्रेलिया, जुलैत तिकडे हिवाळा असतो ना. असतो की, पण तिकिटं बघितली तर पहिले पाच दिवस डार्विन, म्हणजे देशाच्या पार उत्तरेला.

मला हसू आलं कारण दोन वर्षांपूर्वी हेच मी केलं होतं. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने एका ओळीचा मेसेज टाकला होता, ‘जुलै म्हणजे विंटर, वूलन मस्ट’, आणि मी बिनडोकासारखा तो प्रमाण मानला. डार्विनला भर दुपारी उतरलो, बाहेर एकतीस डिग्री, आणि सासूबाई स्वेटर घालून, पदराने घाम पुसत माझ्याकडे बघतायत. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तर हा गोंधळ होतो कशामुळे, तर नेटवर कुठेही टाका, जून-जुलै-ऑगस्ट समोर ‘विंटर’ लिहिलेलं येतं. ते दक्षिणेकडच्या ऑस्ट्रेलियाचं आहे, मेलबर्न, सिडनी, होबार्ट, तिथे चार ऋतू आहेत आणि उलटे आहेत, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण वर उत्तरेला, डार्विन आणि जवळच्या काकाडू नॅशनल पार्ककडे, लोक विंटर असं म्हणतच नाहीत फारसं. तिथे दोनच गोष्टी, ‘ड्राय’ आणि ‘वेट’. कोरडा मोसम साधारण मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि ओला त्यानंतर एप्रिलपर्यंत. म्हणजे जुलै महिना एकच, पण खाली त्याला विंटर म्हणतात आणि वर ड्राय, आणि दोघांचा एकमेकांशी तसा संबंध नाही.

नकाशावर बघितलं तर लगेच पटतं. डार्विन विषुववृत्तापासून साडेबारा अंश, म्हणजे आपल्या बाजूला धरलं तर चेन्नईच्या आसपास. मेलबर्न जवळपास अडतीस अंश, म्हणजे श्रीनगरच्याही पुढे. आता कोणी म्हणालं की भारतात जानेवारीत येतोय, स्वेटर लागेल का, तर आपण आधी विचारू ना की बाबा चेन्नईला का श्रीनगरला? ऑस्ट्रेलिया तर भारताच्या दुपटीहून मोठा आहे, 76 लाख चौरस किलोमीटरच्या वर, पण त्याच्याबद्दल हा प्रश्न आपण विचारतच नाही. डार्विनहून मेलबर्न विमानाने चार-साडेचार तास, आणि गंमत म्हणजे डार्विनहून सिंगापूरही जवळपास तेवढंच लांब. त्यामुळे ‘दादाकडे मेलबर्नला उतरतोच आहोत तर डार्विनही करून येऊ’ हे वाक्य कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन येण्याइतकं सोपं नाही.

आता आकडे. जुलैत डार्विनला दिवसा 30-31, रात्री 19-20, आणि पाऊस म्हणाल तर अख्ख्या महिन्यात सरासरी मिलिमीटरभर. मेलबर्नला दिवसा 13-14, रात्री 6-7.

इथे नाशिककर फसतो, आणि मीही फसले होते. आपण म्हणतो, सहा-सात ना, अहो निफाडला पारा पाचच्या खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, आपल्याला काय सांगता थंडी. पण निफाडला पहाटे पाच असले तरी दुपारी एक वाजता सत्तावीस-अठ्ठावीस असतात, आपण गच्चीवर उन्हात बसून हरभरा सोलतो. आपली थंडी सकाळची आणि रात्रीची आहे, मधे सुट्टी असते. मेलबर्नची थंडी सुट्टी घेत नाही. दुपारी दोन वाजता तेरा, आभाळ राखाडी, बारीक पाऊस, आणि वारा दक्षिण महासागरावरून सरळ अंगावर. किमान तापमान बघून बॅग भरू नका, कमाल बघा. मी ट्रामच्या स्टॉपवर बारा मिनिटं उभी होते आणि त्या बारा मिनिटांत मला कळलं की कार्डिगन हा प्रकार कॉलेज रोडवर शोभतो, इथे वारा अडवणारं जॅकेट पाहिजे. वर्षाचा पाऊस बघाल तर मेलबर्नचा साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नाशिकच्या जवळपासच, पण आपला चार महिन्यांत धो धो पडून मोकळा होतो आणि त्यांचा बारा महिने चिरचिर. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं, छत्री वारा उलटी करतो.

पावसाचं तर अजून वेगळंच. आपला मान्सून जूनमध्ये येतो तेव्हा त्यांच्या उत्तरेचा संपलेला असतो, आणि आपण डिसेंबरात हुर्डा पार्ट्या करतो तेव्हा त्यांचा सुरू होत असतो. सूर्य ज्या बाजूला कलतो त्या बाजूला पावसाचा पट्टा सरकतो, एवढं साधं आहे. त्यामुळे जुलैत डार्विनवर वारा येतो तो खंडाच्या आतल्या वाळवंटाकडून, कोरडा, म्हणून एकतीस डिग्रीतही आपल्या मे महिन्यासारखी तलखी होत नाही. वेटमध्ये मात्र वर्षाच्या सतराशे मिलिमीटरपैकी बहुतेक सगळा पाऊस पडून जातो. यावर इगतपुरीवाले म्हणतील, सतराशे काय, आमच्याकडे तीन हजाराच्या वर पडतो. बरोबर आहे, पण इगतपुरीचा पाऊस गारवा घेऊन येतो, भजी आठवतात. तिकडे पाऊस पडत असताना रात्रीही पंचवीस डिग्री आणि कपडे अंगाला चिकटलेले, रस्ते पाण्याखाली, वर चक्रीवादळाचा मोसम तोच. 1974 च्या ख्रिसमसला ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने अख्खं डार्विन आडवं केलं होतं, ते याच मोसमात.

आणि या दोन मोसमांच्या मधला काळ, ऑक्टोबर-नोव्हेंबर, त्याला तिथे ‘बिल्ड-अप’ म्हणतात. ढग जमतात, गडगडतं, मधूनच एखादी सर, बाकी नुसता उकाडा. दिवाळीच्या सुट्टीत डार्विन करू म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

काकाडूबद्दल जरा सांगतेच, कारण ड्राय म्हणजे काय ते मला तिथे कळलं. डार्विनहून जबिरू गाव तीनेक तासांवर, आणि काकाडूतल्याच यलो वॉटर नावाच्या पाणथळीवर पहाटेची बोट असते. सहा-साडेसहाला हवेत गारवा, मी शाल ओढून बसलेली, पाण्यावर वाफ, आणि पलीकडे धूर. मला वाटलं वणवा लागला. तर तसं नाही, ड्रायच्या सुरुवातीलाच तिथले लोक गवत मुद्दाम थोडं थोडं जाळतात, म्हणजे पुढे सगळं वाळल्यावर मोठी आग लागत नाही. पाणी आटत आटत खड्ड्यांत जमतं, म्हणून पक्षी एका जागी, आणि मगरीही एका जागी. पण मोसम कोरडा आहे म्हणून पाण्यात पाय घालायचा नाही, नदीत नाही आणि समुद्रावरही नाही, तिथल्या मगरींना खारं पाणी चालतं. आंघोळीची हौस असेल तर डार्विनजवळच्या लिचफील्ड पार्कात धबधब्याखालची कुंडं आहेत, जिथे पोहायला परवानगीचा बोर्ड असेल तिथेच उतरायचं.

आणि काकाडूच्या मूळच्या लोकांना ड्राय-वेट ही वाटणीसुद्धा ढोबळ वाटते, त्यांचे ऋतू सहा आहेत. आपले पण सहाच ना, वसंत, ग्रीष्म वगैरे, फक्त आपण ते आता पंचांगात ठेवलेत. त्यांच्यात जून मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंतच्या काळाला वुर्गेंग म्हणतात आणि त्याचा अर्थ थंडीचा ऋतू! रात्री सतरा डिग्री म्हणजे थंडी. डार्विनच्या मिंडिल बीचवर गुरुवार-रविवारी संध्याकाळचा बाजार भरतो, तोही ड्रायमध्येच, तिथे आम्ही अर्ध्या बाह्यांत घामेजलेले आणि शेजारची तिथलीच बाई हूडी घालून नूडल्स खातेय.

दिवसाच्या लांबीचा हिशोब कोणीच धरत नाही. जुलैच्या सुरुवातीला मेलबर्नला सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि सव्वापाचला मावळतो. डार्विनला संध्याकाळी साडेसहापर्यंत उजेड. मेलबर्नहून समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड एका दिवसात करायचा म्हणाल तर ट्वेल्व्ह अपॉसल्सना, म्हणजे समुद्रातल्या त्या खडकांच्या सुळक्यांना, पोचेपर्यंत उतरतं ऊन आणि परतीचा रस्ता काळोखात, त्यात कांगारू आडवे येतात. आम्ही तेच केलं, दादा गाडी चालवत होता आणि वहिनी पूर्ण वेळ ‘हळू रे’ म्हणत होती. एक रात्र तिकडे राहा सरळ. पेंग्विनचं मात्र विंटरमध्ये बरं पडतं, मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडला ते अंधार पडता पडता समुद्रातून येतात, म्हणजे लवकर येतात, रात्री जेवायला घरी. उन्हाळ्यात त्याच पेंग्विनसाठी नऊ वाजेपर्यंत ताटकळायचं.

भाड्याचंही उलटं आहे. जुलै डार्विनचा सीझन, दक्षिणेतले लोक थंडीला कंटाळून तिकडेच जातात, हॉटेलं महाग आणि आधी बुक करावी लागतात. मेलबर्नला तेव्हा ऑफ सीझन, बर्फाचे डोंगर सोडून. हो, बर्फ पडतो ऑस्ट्रेलियात, माउंट बुलर मेलबर्नहून तीन तासांवर आहे.

मग शाळेच्या पोरांना घेऊन जायचं कधी? जुलैत आपल्या शाळा चालू. माझ्या मते मे. उत्तरेत ड्राय लागलेला असतो, मेलबर्नला शरद संपत आलेला पण थंडी अंगावर येत नाही. तोटा एकच, काकाडूतल्या जिम जिम धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यासारखे आतले रस्ते मे महिन्यात बहुधा बंदच असतात, पाणी ओसरून उघडायला वेळ लागतो. डिसेंबरात मात्र फक्त दक्षिण करा, आणि तिथेही चाळीस डिग्रीचा दिवस येऊ शकतो आणि मग तासाभरात पंधरा-वीस डिग्रीने खाली. उलुरु, तो प्रचंड लाल खडक, देशाच्या मधे आहे, वाळवंटात, ते या दोन्हींत बसत नाही. जुलैत दिवसा वीस आणि पहाटे शून्याच्या आसपास, म्हणजे सूर्योदय बघायला थर्मल पाहिजेच. त्या खडकावर चढणं ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे, खालूनच बघायचं.

बॅगेचं मी आता एवढंच सांगते की जमलं तर आधी मेलबर्न करा आणि मग उत्तर, नातेवाईक असतील तर जाड कपड्यांची बॅग त्यांच्याकडे ठेवून हलकं वर जाता येतं. आणि खाण्याचं जे काही नेताय, लाडू, लोणचं, मसाला, ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘आहे’ असं लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

मैत्रिणीची तिकिटं झालेली होती त्यामुळे डार्विन पहिलंच राहिलं. जुलैत तिचा मिंडिल बीचवरून फोटो आला, चौघंही टी-शर्टमध्ये, हातात आंब्याची स्मूदी. खाली लिहिलं होतं, थर्मलची पाकिटं अजून फोडली नाहीत, मेलबर्नला उतरले की फोडते.