सहकुटुंब चित्रपट आणि बालयोग्यता : कोल्हापुरातील पारख

एखादा लोकप्रिय चित्रपट लहान मुलांना दाखवावा का, आणि आजी-आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळ्या घराने तो एकत्र बसून पाहावा का, हे आधी ठरवणे म्हणजे चित्रपटाची बालयोग्यता पारखणे. ही पारख केंद्र सरकारच्या मंडळात होते, चित्रपटगृहाच्या दारात होते आणि घरात होते. पहिल्या दोन ठिकाणचे नियम देशभर सारखेच आहेत. घरची रीत मात्र गावोगावी वेगळी असते. कोल्हापुरात चित्रपट शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला असल्याने इथल्या रीतीला स्वतःचे वळण आहे.

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. कथा महाभारतातली, कीर्तनातून आणि आजीच्या तोंडून घराघरांत पोचलेली. तरीही भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब चितारला होता की त्या दृश्याला सेन्सॉरची कात्री लागली. गोष्ट ओळखीची आहे म्हणून तिचे दृश्यही सोसवेल असे नाही, हा पेच कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीला असा पहिल्याच चित्रपटापासून भेटला. तो अजून सुटलेला नाही.

पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने ऐतिहासिक चित्रपटांची परंपरा चालू ठेवली. पौराणिक, ऐतिहासिक आणि संतांवरचे चित्रपट म्हणजे मुलांना न विचारता न्यावेत असे चित्रपट, ही समजूत या काळात पक्की झाली. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये तर वयाचा प्रश्नच नव्हता. सतरंजी किंवा पोते अंथरून सगळे घर बसायचे आणि धाकटी पोरे मध्यंतराच्या आधीच झोपी जायची. शहरातली अनेक जुनी चित्रपटगृहे आता राहिली नाहीत, तरी व्हीनस कॉर्नर, उषा टॉकीज ही नावे पत्ता सांगताना अजून तोंडी येतात.

प्रमाणपत्र आणि कायदा

भारतात चित्रपट तपासण्याचा पहिला कायदा १९१८ चा. त्यानुसार १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे मंडळे काम करू लागली. आजची व्यवस्था १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यावर उभी आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या मंडळाचे नाव १९८३ मध्ये बदलून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असे झाले. बोलताना मात्र सगळे सेन्सॉर बोर्डच म्हणतात. त्याच वर्षी ‘यू’ आणि ‘ए’ या जुन्या दोन वर्गांच्या जोडीला ‘यूए’ आणि ‘एस’ हे वर्ग आले. ‘यू’ सर्वांसाठी, ‘ए’ फक्त प्रौढांसाठी, तर ‘एस’ डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठी. ‘यूए’चा अर्थ तेव्हा असा होता की बारा वर्षांखालच्या मुलाला चित्रपट दाखवावा की नाही याचा विचार पालकांनी करावा.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. त्यासाठीचे नवे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले. बहुतेक पालकांना माहीत नसलेली गोष्ट या दुरुस्तीत आहे. ‘यूए’पुढचा वयाचा आकडा पालकांच्या विचारासाठी असतो आणि तो पाळायला लावण्याचा अधिकार पालकांखेरीज कोणालाही नाही. म्हणजे १६ वर्षांवरील असा शिक्का असलेल्या चित्रपटाला कोणी सहा वर्षांचे मूल घेऊन आले, तर दारावरचा माणूस त्या शिक्क्याच्या आधारे त्याला अडवू शकत नाही. ‘ए’ची गोष्ट वेगळी. अठरा पूर्ण न झालेल्याला असा चित्रपट दाखवायला चित्रपटगृहाला कायद्याने मनाई आहे आणि तसे केल्यास त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तिकिटाच्या ॲपवर भाषेशेजारी बारीक अक्षरांत छापलेला तो आकडा म्हणजे पूर्णपणे आईबापांवर सोपवलेली जबाबदारी आहे. “दारात कोणी अडवलं नाही, म्हणजे चालत असेल,” हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मूल मोजते.

मंडळात आलेला चित्रपट आधी परीक्षण समिती पाहते, आणि तिचा निर्णय निर्मात्याला पटला नाही तर पुनरीक्षण समिती पाहते. अपिलासाठी असलेले न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झाल्यापासून पुढची दाद उच्च न्यायालयात मागावी लागते. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चित्रपटाचा एकूण परिणाम पाहायचा असतो. मुले हिंसेची बळी आहेत, हिंसा करत आहेत किंवा ती पाहायला भाग पाडली जात आहेत अशा दृश्यांबद्दल तिथे खास ताकीद आहे. व्यवहारात मात्र यात घासाघीस असते. ‘ए’ मिळाले की कुटुंबांचा गल्ला जातो आणि दूरचित्रवाणीवर तो चित्रपट आहे तसा दाखवता येत नाही. त्यामुळे निर्माते काही सेकंदांची दृश्ये कापायला, शिवी गाळायला, रक्ताचा रंग फिका करायला तयार होतात. रक्त फिके झाले तरी सूडाची कथा तीच राहते. म्हणून ‘यूए’ पाहताना हे लक्षात ठेवावे की तो शिक्का अनेकदा कापाकापीनंतर मिळालेला असतो. डब केलेल्या आवृत्तीलाही प्रमाणपत्र लागते. कन्नड, तेलुगू, हिंदी अशा सगळ्याच भाषांतले चित्रपट पाहणाऱ्या कोल्हापूरकरांनी आपण पाहणार त्या आवृत्तीचा शिक्का पाहिलेला बरा.

घरची पारख

प्रमाणपत्रापेक्षा कोल्हापुरात आजही तोंडी खबर जास्त चालते. शुक्रवारी पहिला खेळ पाहून आलेल्या दिराला, भाच्याला किंवा गल्लीतल्या पोराला विचारायचे. दोन जावांचे फोनवरचे बोलणे साधारण असे असते :

“वहिनी, काल बघून आलासा न्हवं? पोरास्नी घिऊन जाण्याजोगा हाय काय?”

“इंटरवलपतोर लई भारी हाय बघ. फुडं नुसती कापाकापी. थोरल्याला घिऊन जा, धाकट्याला नगं. आन् आवाज लई मोठा हाय.”

एवढ्या बोलण्यात शिक्क्यावर नसलेल्या तीन गोष्टी येतात : चित्रपट कुठे बिघडतो, कोणत्या मुलाला चालेल आणि आवाजाचे काय. मुलाला ओळखणाऱ्या माणसाने केलेली ही पारख आहे आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

या रीतीत एक मोठी उणीवही आहे. ‘घरच्यांसोबत बघण्यासारखा’ म्हणजे काय, हे आपल्याकडे मुख्यतः लाजेवर ठरते. सासऱ्यांशेजारी बसून पाहताना मान खाली घालावी लागेल का, ही कसोटी. चुंबनाचे दृश्य आले की सगळी रांग मोबाइल काढते आणि कोणीतरी मुलाला पाण्याची बाटली आणायला पिटाळते. त्याच चित्रपटात दहा मिनिटांनी कोयत्याने गळा चिरला जातो तेव्हा कोणाचीच मान खाली जात नाही, उलट शिट्ट्या वाजतात. खरे तर सात वर्षांच्या मुलाला चुंबनातले फारसे काही कळत नाही आणि ते त्याच्या लक्षातही राहत नाही. गळा चिरलेला लक्षात राहतो, रात्री आठवतो. मोठ्यांचा संकोच आणि मुलाची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली मोजतो आणि दुसरी मोजल्यासारखे समाधान मानतो.

दुहेरी अर्थाच्या संवादांचीही हीच गत. ग्रामीण विनोदी चित्रपटांत ही जुनी चाल आहे. मूल वरच्या अर्थाला हसते, मोठे आतल्या अर्थाला. तेवढ्याने मुलाचे बिघडत नाही. बिघडते ते अशा विनोदात बाईची दर वेळी टिंगल होते, जाड्या किंवा काळ्या माणसाला हसले जाते आणि मूल ते उचलून शाळेत जाते तेव्हा. नक्कल करता येईल असे वागणे हा पारखण्याचा एक मुख्य मुद्दा असायला हवा. नायकाने मुलीच्या मागे मागे फिरून तिचा नकार मोडून काढला आणि शेवटी तीच त्याच्या प्रेमात पडली, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाने त्यातून काय घ्यायचे? अशा चित्रपटात रक्ताचा थेंब नसतो, शिवी नसते आणि प्रमाणपत्र अनेकदा सौम्य असते. तरी मारामारीच्या चित्रपटापेक्षा त्याबद्दल मुलाशी अधिक बोलावे लागते.

वयानुसार भीतीही बदलते. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला पडद्यावरचे खोटे आहे हे नीट धरून ठेवता येत नाही. “खोटं हाय रं ते,” असे सांगून त्या वयात फारसा उपयोग होत नाही. त्याला विद्रूप चेहरे, माणसाचे अचानक राक्षस होणे आणि आईपासून ताटातूट यांची भीती वाटते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला राक्षसाचे हसू येते, पण घरात चोर शिरणे, अपघात, अपहरण अशा घडू शकणाऱ्या गोष्टींनी त्याची झोप उडते. त्यामुळे भुताचा विनोदी चित्रपट धाकट्याला जड जातो आणि साधा कौटुंबिक चित्रपट, ज्यात बाप अपघातात जातो, तो थोरल्याला. घरात दोन वयांची मुले असतील तर त्यांच्यासाठी एकच उत्तर निघत नाही.

इतिहासाचा पेच

कोल्हापुरात हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो ऐतिहासिक चित्रपटांपाशी. पन्हाळ्याची सहल झाली नाही असे मूल या भागात विरळाच. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, हे त्याने शाळेत ऐकलेले असते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचे हाल करून त्यांना मारण्यात आले, हेही ठाऊक असते. त्यामुळे अशा विषयावर चित्रपट आला की पालक वयाचा आकडा बघतच नाहीत. “आपला इतिहास हाय, पोरांनी बघायलाच पाहिजे,” असे म्हणत कडेवरच्या पोरासकट घरे निघतात आणि अंधारात ती पोरे रडू लागतात.

पालकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मुलाने आपला इतिहास अभिमानाने जाणावा ही इच्छा रास्तच आहे. पण ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेले दृश्य मनात सारखे उतरत नाही. आजी संभाजीराजांची गोष्ट सांगते तेव्हा मूल स्वतःला पेलेल तेवढेच चित्र मनात काढते, आणि त्याचा चेहरा पाहून आजी पुढचे आवरते घेते. पडदा आवरते घेत नाही. छळाची दृश्ये जवळून, लांबवून, चहूबाजूंच्या आवाजासह दाखवली जातात. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात त्यातून शौर्य उरत नाही, जखमा उरतात. हाच चित्रपट चौदा वर्षांच्या मुलाला जरूर दाखवावा. त्याला त्या सोसण्यामागचे धैर्य दिसू शकते. धाकट्यासाठी तोवर गोष्ट आहे, पुस्तक आहे आणि तासाभरावर पन्हाळा आहे.

चुकून नेलेच, तर मध्येच उठून बाहेर यायला हरकत नसावी. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून घाबरलेल्या मुलाला बसवून ठेवणे आणि “असं काय घाबरतोस, मर्द हाईस न्हवं?” म्हणून त्याला लाजवणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास घडतात. दुसरी अधिक घातक. मूल त्यानंतर भीती वाटली तरी बोलत नाही.

निवडून दाखवणे

टाळण्याच्या जोडीला निवडून दाखवण्याचीही परंपरा आहे. १९५५ मध्ये केंद्र सरकारने बालचित्र समिती स्थापन केली. ती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. कोल्हापुरात ‘चिल्लर पार्टी’ ही विद्यार्थी चित्रपट चळवळ राजर्षी शाहू स्मारक भवनात शाळकरी मुलांसाठी देशोदेशीचे चित्रपट दाखवते. मुलांचा चित्रपट म्हणजे कार्टून, हा समज अशा खेळांमुळे मोडतो. भाषा न कळणारा परदेशी चित्रपटही मुले मन लावून पाहतात, कारण त्यातला मुलगा त्यांच्यासारखाच हरवलेल्या वस्तूसाठी कासावीस होतो.

घरातला पडदा

टीव्हीवर ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट जसाच्या तसा दाखवता येत नाही. त्याला कापून वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ओटीटीवरील चित्रपट-मालिकांसाठी २०२१ च्या नियमांनी मंचांनाच वर्गवारी करायला लावले : यू, ७, १३, १६ वर्षांवरील आणि ए. १३ वर्षांवरील आणि त्यापुढच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. हिंसा, भाषा, भीती, अमली पदार्थ असे आशयाचे थोडक्यात वर्णनही सुरुवातीला दाखवावे लागते. पालकांच्या दृष्टीने हे वर्णन नुसत्या आकड्यापेक्षा उपयोगी आहे, पण ते काही क्षणांत निघून जाते आणि कुलूप बहुतेक घरांत लावलेलेच नसते. सगळ्या घराचे एकच खाते, तेही बापाच्या नावाचे.

आणि मुलाला चित्रपटगृहात नेले नाही, तरी त्या चित्रपटातले सर्वांत हिंसक दृश्य त्याला मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात, मागचे-पुढचे काही नसताना दिसू शकते. १९५२ चा कायदा लिहिणाऱ्यांसमोर ही परिस्थिती नव्हती. आज कोल्हापुरातल्या घरांना चित्रपट पारखताना त्याचे असे फिरणारे तुकडेही धरावे लागतात आणि ‘न्यायचे नाही’ असे ठरवल्यावरही त्या चित्रपटाबद्दल मुलाशी बोलावे लागते.