ताट्या बदलण्याचे दिवस

होळीची राख थंड होते न होते तोच नागपूर, अमरावती, अकोल्यात रस्त्याच्या कडेला लाकडी चौकटी, तारेची जाळी आणि पिवळसर गवताचे ढीग दिसू लागतात. ‘ताट्या भरून मिळतील’ अशी खडूने लिहिलेली पाटी लागली की विदर्भातल्या घरांचं वर्षातलं दुसरं मोठं आवरणं सुरू झालं. पहिलं दिवाळीचं, पावसाने ठेवलेली ओल आणि बुरशी काढण्याचं. त्याबद्दल सगळेच लिहितात. होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यातलं दुसरं आवरणं मात्र घर उन्हाच्या स्वाधीन करण्यापूर्वीचं असतं. गोधड्या-स्वेटर कडुलिंबाच्या पाल्यात बांधून वर जातात, माठ धुऊन वाळूवर बसतो, गच्चीला चुना लागतो, आणि सज्ज्यावर किंवा जिन्याखाली आठ महिने झाकून ठेवलेला कूलर खाली उतरतो. या सगळ्याच्या मध्यभागी ताटी आहे, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवायची, गवत भरलेली चौकट, आणि ती कूलरपेक्षा फार जुनी आहे.

ताटी म्हणजे मुळात बांबूच्या कामट्या, गवत किंवा झाडाच्या काड्या बांधून केलेला आडोसा. भावाने रागाने लावून घेतलेली ताटी आणि बहिणीने ती उघडायला केलेली विनवणी मराठी माणसाला अभंगांतून पाठ आहे. तिथे ताटी म्हणजे झोपडीचं दार. वऱ्हाडात अजूनही तुराट्यांची नाहीतर पऱ्हाट्यांची, म्हणजे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळक्या काड्यांची, ताटी न्हाणीला आणि गोठ्याला लावतात. काही भागांत तिरडीलाही ताटीच म्हणतात, कारण बांधणी तीच. हिंदीतली ‘टट्टी’ हा याच शब्दाचा भाऊ, अर्थही तोच, आडोसा. पण त्या आडोशामागे जे उरकलं जाई त्याचंच नाव पुढे शब्दाला चिकटलं, आणि हिंदी बोलणारा माणूस पडद्यासाठी तो शब्द उच्चारायला कचरू लागला. मराठीत ताटी स्वच्छ राहिली. हिंदी आणि मराठी एकाच गल्लीत नांदणाऱ्या नागपुरात ‘कूलरच्या ताट्या’ हेच शब्द टिकले, याचं एक कारण मला हेच वाटतं.

गुंता इथेच संपत नाही. इंग्रजी अमदानीत थंडाव्यासाठी भिजवायच्या पडद्यांना ‘खसखस टॅटी’ म्हणत. त्यातला ‘खसखस’ म्हणजे अनारशांवर लावायची खसखस नव्हे. ती अफूच्या बोंडातली बी; हा खस, म्हणजे आपला वाळा, एका उंच गवताची मुळं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी वाळ्याच्या सरबताच्या बाटलीवर ‘खस’ वाचून ‘यात खसखस आहे का हो?’ असं विचारणारे गिऱ्हाईक आजही भेटतात. म्हणून शब्द नेमका ठेवावा असा माझा आग्रह आहे: मूळ म्हणजे वाळा, चौकट म्हणजे ताटी, आणि दोन्ही मिळून वाळ्याची ताटी. सगळ्याला सरसकट ‘खस’ म्हटलं की ताटीत प्रत्यक्षात काय भरलंय हा प्रश्नच विचारायचा राहून जातो. आज बाजारात नेमकं तेच होतं.

वाळ्याच्या भिंतींवर पाणी मारून थंड केलेल्या खोल्यांचं वर्णन सोळाव्या शतकाच्या अखेरच्या मुघल दरबारी लेखनात येतं. पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असा त्याचा भाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ नावाचं खोकं आलं. खिडकीला बसवलेल्या खोक्यात हाताने फिरवायचा पंखा, बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि ताट्यांमधून ओढलेली हवा खोलीत. पंखा फिरवायला एक माणूस, ताट्यांवर पाणी मारायला दुसरा. हात काढून मोटर बसवली आणि मशक काढून पंप बसवला की आजचा डेझर्ट कूलर तयार. त्याला आधुनिक उपकरण म्हणतात, पण त्याची रचना पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे.

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, आणि १९५६ पर्यंत कुठल्या ना कुठल्या प्रांताची किंवा राज्याची राजधानी राहिलं. त्यामुळे कचेऱ्या, न्यायालयं, बंगले भरपूर. उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि त्या भिजवायला हंगामी माणसं ठेवायची, हा कचेऱ्यांचा नेहमीचा खर्च होता. सामान्य घरांत एवढा वाळा परवडत नसे. तिथे दुपारी दाराला गोणपाट ओलं करून टांगत, फरशीवर पाणी शिंपडत, टिनाच्या छपरावर तुराट्या पसरत. चार वाजता ज्याला झोप मोडून ते गोणपाट पुन्हा भिजवायला पाठवलं जाई, तो घरातला सगळ्यात लहान.

कूलर घरोघरी गेला तो स्थानिक कारागिरांमुळे. जस्ती पत्र्याचं खोकं, एक्झॉस्टचा पंखा, छोटा पंप, तीन बाजूंना तीन ताट्या: हे सगळं गल्लीतल्या टिनवाल्याला जमणारं होतं आणि मोडलं तर त्यालाच दुरुस्त करता येणारं होतं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम चालतं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता जेमतेम १५-२० टक्के असली, तर चांगल्या भिजलेल्या ताटीतून येणारी हवा २८-३० अंशांपर्यंत उतरते. हाच कूलर मुंबईत नेला तर खोलीत नुसती चिकचिक, कारण तिथल्या दमट हवेत पाणी वाळायला जागाच नसते.

पण घरोघरी जाताना ताटीतून वाळा गेला, आणि यावर फारसं कुणी बोललं नाही. त्याच्या जागी आलं ‘वूडवूल’, मऊ लाकडाच्या लांब बारीक सालप्यांचं गवत. स्वस्त, हलकं, पाणी लवकर धरणारं. एका हंगामात ते खाली बसतं, वरच्या बाजूला बोटभर फट पडते आणि तिथून गरम हवा थेट आत येते. शिवाय कुजकट वास सुटतो. म्हणून दर मार्चला नव्या ताट्या. वाळ्याची ताटी महाग पडते, पण झटकून, उन्हात वाळवून पुढच्या वर्षीही चालते. त्यानंतर आले पुठ्ठ्यासारखे, पोळ्याच्या घरांसारखी छिद्रं असलेले ‘हनीकोंब’. ते काही वर्षं टिकतात, पण बोअरच्या जड पाण्याने त्यांच्या छिद्रांत पांढरा क्षार धरतो, आणि हा क्षार नुसत्या पाण्याने निघत नाही. वाळा मागे पडला तो कमी गुणाचा होता म्हणून नव्हे, पहिल्या दिवशी जास्त पैसे मागत होता म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

पुढचा वाद पाण्याचा. एक लिटर पाणी वाळताना खोलीतली सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. हिशेब सरळ आहे: थंडावा हवा तर पाणी द्यायलाच हवं. दिवसभर चालणारा घरगुती कूलर ५०-६० लिटर सहज पितो, आणि ग्रामीण नळयोजनांमध्ये माणशी रोजचं प्रमाण ५५ लिटर धरलेलं आहे. म्हणजे कूलर हा घरातला आणखी एक माणूस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा हा हिशेब फारच टोचला. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात कूलर चालवणं ही चैन आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. टिनाच्या एका खोलीत तान्हं मूल आणि म्हातारी आई घेऊन मे महिना काढणाऱ्याला मात्र ती चैन वाटणार नाही. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी टाकीत ओतणारी घरं मी पाहिली आहेत. त्याने ताटी लवकर खराब होते, पण दुपार निभते.

उन्हाळ्याची तयारी ही घरापुरती बाब नाही, हे सरकारी पातळीवर उशिरा मान्य झालं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त नोंदले गेले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा झाला, आणि २०१६ मध्ये नागपूर परिसराचा. छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम याच प्रवाहातून ‘कूल रूफ’ या नावाने आला. विरलेल्या चुन्यात डिंक घालून गच्चीवर दोन हात मारायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत. नाव नवं मिळालं म्हणून का होईना, तिला मान मिळाला हे चांगलं झालं.

आरोग्याच्या अंगाने एक गोष्ट मात्र अजून पुरेशी पोचलेली नाही. डेंग्यूच्या डासाचं अंडं पाण्यात तरंगत नाही. ते टाकीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटून बसतं आणि कोरडं पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतं. जूनमध्ये कूलर नुसता रिकामा करून झाकला, तर मार्चमध्ये पहिलं पाणी पडताच ती अंडी फुटतात. म्हणून आठवड्याला पाणी बदलायचंच, पण पहिल्यांदा भरण्यापूर्वी आतला पत्रा नारळाच्या काथ्याने खसखसून घासायचा, चारही कोपऱ्यांसकट. प्लग काढूनच. ओल्या पत्र्यात उतरलेल्या विजेने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि त्यात पाणी भरायला गेलेली मुलं असतात.

या वर्षी आमच्या चौकातल्या ताटीवाल्याने एक मधला मार्ग काढला आहे. चौकटीत आधी वूडवूल दाबून भरतो, आणि पंख्याकडच्या बाजूला वाळ्याचा बोटभर थर देऊन जाळी शिवतो. वरच्या कडेला गवत दुप्पट दाबतो, बसलं तरी फट पडू नये म्हणून. ताटीवर पाणी सोडणाऱ्या पन्हळीची बुजलेली भोकं सुईने मोकळी करून पंप सुरू केला की दोन-तीन मिनिटं गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी येतं. मग ते निवळतं आणि वाळ्याचा वास पार माजघरापर्यंत पोचतो.