सीलिंग : डोक्यावरचं आणि सातबाऱ्यावरचं

परवा नागपूरच्या महाल भागातल्या घरी रंगारी आला. "काकू, छतालेही चुना मारू का?" आई म्हणाली, "छताला नको, फक्त सीलिंगला." नागपुरात छत म्हणजे वर, जिथं पापड वाळतात आणि उन्हाळ्यात रात्री गाद्या पडतात. पुण्याकडची गच्ची ती हीच. हिंदीच्या शेजारानं छत असं वर सरकलं आणि खोलीत उताणं पडल्यावर जे दिसतं, त्याला सीलिंग हे नाव चिकटलं.

इंग्रजीतही हा शब्द सुरुवातीला फक्त डोक्यावरचा नव्हता. पंधराव्या शतकाच्या सुमारास खोलीला आतून लाकडी फळ्यांचं अस्तर देण्याचं ते काम होतं. भिंतीच्या फळ्याही त्यातच मोडत. पुढे भिंत सुटली, वरची बाजू उरली. व्युत्पत्तीवर एकमत नाही. कुणी आकाश या अर्थाच्या फ्रेंच शब्दाकडे बोट दाखवतं, कुणी कोरीवकामाच्या लॅटिन शब्दाकडे. मला आकाश आवडतं, पण आवडीवर व्युत्पत्ती ठरत नाही.

गंमत म्हणजे हेच काम सांगणारा शब्द आपल्याकडे होता: तक्तपोशी. फारसीत तख्ता म्हणजे फळी, पोश म्हणजे झाकणारं. जुन्या वाड्यांत सागवानी तुळयांवर ती असायची. कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, बंगल्यांत आतून कापड ताणून चुना मारत. मग स्लॅब आला, फळ्या गेल्या, त्यांच्यासोबत शब्दही. आता स्लॅबखाली पुन्हा पीओपीचं खोटं अस्तर लागतं, तेव्हा फॉल्स सीलिंग म्हणायची वेळ येते.

विदर्भात मात्र या शब्दाचं खरं वजन जमिनीवर पडलं. विसाव्या शतकात इंग्रजीत त्याला 'वरची मर्यादा' हा अर्थ रुळला होता, तोच कायद्यात आला. 1961 चा शेतजमीन कमाल धारणा कायदा, मग 1975 ची दुरुस्ती: कोरडवाहूला 54 एकर. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं नागपुरात मोकळ्या जागेला 1,500 चौरस मीटरची मर्यादा घातली. महाराष्ट्रात तो 2007 मध्ये उठला. कागदावर 'कमाल धारणा', लोकांच्या तोंडी 'सीलिंग'.

आमच्या आजीसमोर सीलिंग म्हटलं, तर ती वर बघायची नाही. "कोणाची गेली?" एवढंच विचारायची.